चार जणांची बेरीज

प्रश्नावलीला उत्तरं एकूण एक्केचाळीस जणांची आली होती. जव्हारमधून तेवीस, मोखाड्यातून अकरा आणि वांगणी पाड्यातून सात. चाळीस जणांचे गुण शंभरपैकी तिसाच्या आत होते. एकाचे एक्काहत्तर. ते वांगणीच्या चैतीचे.

हर्षदा मानसशास्त्रात एम.एस्सी. करून जव्हारला परतली होती आणि गेले चार महिने याच प्रश्नावलीत अडकली होती. माणूस स्वतःपासून तुटल्यासारखा होतो का, मधला वेळ पुसला जातो का, हे त्या प्रश्नावलीने मोजायचं: प्रत्येक प्रश्नाला शंभरात किती वेळा ते लिहायचं, त्यांची सरासरी म्हणजे गुण. चीनमध्ये लोकांनी ती ऑनलाइन भरली होती, आपापल्या खोलीत, आपापल्या फोनवर. मराठीत ती चालते का, ते विद्यापीठातल्या तिच्या सरांना बघायचं होतं. तिसाच्या वर गेलेल्याचं नाव आरोग्य केंद्राला कळवायचं, हा नियम. मग कर्मचारी घरी जाणार, पाड्यावर बोभाटा होणार. आणि चैतीची अंगणवाडीत मदतनीस म्हणून निवड व्हायची होती. डोक्यावर परिणाम झालेल्या बाईच्या हाती पोरं कोण देणार?

"कळवून टाक," सर फोनवर म्हणाले.

"एकदा भेटून येते, सर."

जीप वावर गावाला थांबली. पुढची वाट पायी. वांगणीला पोचेपर्यंत हर्षदाच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. ओटीवर चैतीची सासू भागी नागली पाखडत होती, नवरा ढवळू आणि नणंद पारू बाजूला बसली होती. चैतीने पाणी दिलं. हर्षदाने फोनवरच्या प्रश्नांचं विचारलं.

"प्रश्न भरले ते ना? भरले की," ढवळू म्हणाला. "सगळे वर खडकावर गेलो. रेंज तिथंच."

"सगळे?"

"सर्वे घराचाच असतो ना, मॅडम?" पारू म्हणाली. "शेळ्या किती, माणसं किती. वैनी दहावी शिकली, तिनं बेरीज केली."

हर्षदाने पेला खाली ठेवला. "कसली बेरीज?"

"वाटेनं चालताना मधली वाट आठवत नाय, असं किती वेळा," चैती हळू म्हणाली. "आईचे वीस, यांचे दहा, पारूचे दहा, माझे तीस. सत्तर लिवले."

"दोन हंडे डोक्यावर असल्यावर वाट कोन बघतो?" भागी सुपामागून म्हणाली. "तुज्या सरांना ने एकदा पान्याला."

"आणि आरशात आपलंच तोंड ओळखू येत नाही, त्याला?" हर्षदाने विचारलं.

"त्याला मी चाळीस सांगितले," ढवळू हसला. "वीटभट्टीवरून आलो तर बायको पन नाय ओळखत."

हर्षदाही हसली. एक्काहत्तर म्हणजे चौघांचे मिळून. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. आता चैतीचं एकटीचं भरून घेतलं की संपलं.

"चैती, आपण दोघीच जाऊ खडकावर."

"नाय, मी पन येतो," ढवळू उठला.

"बस तू," भागी म्हणाली. "तिला कदी एकटीला कोनी काय इचारलंय?"

खडकावर वारा होता. हर्षदा प्रश्न वाचत गेली, चैती आकडे सांगत गेली. दहा. शून्य. वीस. बाराव्या प्रश्नाला ती थांबली. आपण स्वतःलाच लांबून बघतोय, असं वाटतं का?

"ताई, हे घरच्यांसमोर नाय बोलले मी. तवा माझे दहाच लिवले." ती खालच्या घरांकडे बघत होती. "मी भाकरी थापते ना, तर ती बाई दिसते मला. थापत असलेली. मी कुडाजवळ उभी असल्यासारखी. हाक मारली तरी ती वळत नाय."

"कधीपासून?"

"बारकी पोर गेली तवापासून. भट्टीवरच गेली ती, तापानं."

"किती वेळा होतं? शंभरात?"

"रोजच. नव्वद लिवा." मग तिने विचारलं, "अंगणवाडीचं होईल ना, ताई?"

हर्षदाने उरलेले आठ प्रश्न वाचले. आवाज सारखा ठेवला. मग बेरीज दोनदा केली. वीस प्रश्न, सहाशे ऐंशी. सरासरी चौतीस.