सत्तेचाळीस नंबरचा वाफा

माझा नवरा गव्हाचा मोठा शास्त्रज्ञ आहे, असं ताई लग्नानंतरची बारा वर्षं येईल त्याला सांगत आली. मी त्यांच्याच संशोधन केंद्रात मोजणीच्या कामाला होते. घरी भावोजी म्हणायचं, केंद्रात सर. मनात काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही.

काम असं होतं. एका बुटक्या आणि एका उंच गव्हाच्या संकरातून निघालेले एकशे साठ वाण, म्हणजे सगळी सख्खी भावंडंच, आम्ही सेंद्रिय शेतात पेरले होते. रासायनिक खत नाही, फवारणी नाही. कुठला वाण लवकर पसरून तण दाबतो, कुणाची उंची किती, ओंबी कधी निघते, हे मी वाफ्यावाफ्यात बसून टिपायचं. पानांचे तुकडे प्रयोगशाळेत जायचे. मग दोन्ही जुळवून, तण दाबणारं जनुक कुठल्या गुणसूत्रावर बसलंय याचा नकाशा सरांनी काढायचा. बसून बसून माझे गुडघे सोलून निघाले. सर दोन महिन्यांत तीनदा आले, तेही बांधावर फोटो काढून घ्यायला. बुटाला माती लागली की कुणी ताटात थुंकल्यासारखं तोंड करायचे.

तपासणी समिती यायच्या आठवडाभर आधी मी सकाळी शेतावर गेले, तर ओळींमधलं सगळं तण पिवळं पडून मुरगळलं होतं. औषधाचा वास अजून रेंगाळत होता. मजुरांना विचारलं. त्यांनी ऑफिसच्या खिडकीकडे पाहिलं.

मी तडक आत गेले. सर केस विंचरत होते. पाहुण्यांना असलं गबाळं शेत कसं दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं. तणच मारलं तर ते कोण दाबतंय हे कळणार कसं, असं मी विचारलं. ते हसले.

"तू मोजायचं बघ. विचार करायला मी आहे."

त्या दिवसापासून मी तणाचा रकाना कोरा ठेवला. सरांनी तो खुर्चीत बसून भरला. उंचीच्या रकान्यात जिथे जिथे जागा रिकामी दिसली, तिथेही आकडे ठोकले. समोरचा चहा गार व्हायच्या आत सगळं उरकलं.

समितीपुढे पडद्यावर नकाशा झळकला. पाचव्या गुणसूत्रावर हा उंच सुळका, म्हणजे तण दाबणारं जनुक तिथेच! सर त्यावर काठी टेकवून असे उभे, जणू आत्ताच तो चढून आलेत. अध्यक्षबाई मान डोलावत होत्या. मी मागच्या रांगेतून हात वर केला.

"सत्तेचाळीस नंबरच्या वाफ्यात उंची ब्याण्णव सेंटिमीटर लिहिलीय, सर. तो वाफा उगवलाच नव्हता. बी पाखरांनी खाल्लं."

टायपिंगची चूक असेल, असं सर पुटपुटले. अध्यक्षबाईंनी माझी वही मागवली, पानन् पान चाळलं, मग मजुरांना एकेक करून आत बोलावलं. महिन्याभरात नकाशा रद्द झाला आणि सरांची रवानगी माहितीपत्रकं छापणाऱ्या विभागात झाली. तिथे मातीचा प्रश्नच नव्हता.

ताईने माझ्याशी बोलणं टाकलं. बहिणीचा संसार उघड्यावर आणलास, एवढं फोनवर सुनावलं तेवढंच. संसाराला काही झालं नव्हतं. मिरवायचं बंद झालं होतं, इतकंच.

पुढच्या हंगामात आम्ही तेच वाण पुन्हा पेरले आणि तण वाढू दिलं. उंचीचा एक ठळक सुळका आला. तणाचे दोन आले, तेही बारके. खात्रीसाठी आणखी एक वर्ष लागणार होतं. मला चाललं. आकडे खरे होते.

ओंब्या भरायच्या दिवसांत ताई न सांगता शेतावर आली. बराच वेळ बांधावर उभी राहिली, मग चपला काढून वाफ्यात उतरली. गव्हासारखं दिसणारं एक गवत हातात धरून तिने विचारलं, "हा कुठला वाण?"

"ते तण आहे, ताई."

तिने ते सोडून दिलं. म्हणाली, "ह्यांनी मला कधी दाखवलंच नाही."

"त्यांना ओळखता आलं असतं तर दाखवलं असतं."

ती हसली नाही. पण त्यांची बाजूही घेतली नाही.