अकरा किल्ल्या आणि एक कुलूप

आमच्या भाडेर गावात कुणी मोठं कुलूप विकत घेतलं की लोक त्याचा एकच अर्थ काढतात. हे घर सुरतेला चाललं. हातिमभाईच्या दुकानात पाय ठेवण्याआधी मला हे सुचायला हवं होतं. माझं माहेर गावाच्या खालच्या वेशीला, सासर वरच्या. बासष्ट वर्षं या दोन वेशींच्या मधे काढली, तरी अक्कल आली नाही.

मला कुलूप हवं होतं फक्त आठ दिवसांसाठी. माझ्या लेकीचं, रसीलाचं, दुसरं बाळंतपण होतं. पहिल्या वेळी ती रीतीप्रमाणे माझ्याकडे आली होती, या वेळी डॉक्टर तिला भावनगरहून हलू देईनात. शुक्रवारी सकाळी ऑपरेशन ठरलेलं, सासू मांडीचं हाड मोडून अंथरुणात आणि घरात तीन वर्षांची पोर. "बा, तू ये," एवढंच ती म्हणाली. लग्न झाल्यापासून तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आणि माझ्या दाराला कुलूपच नव्हतं, कारण मी कधी कुठे गेलेच नाही. भाजीला जाताना दार नुसतं ओढून घेते.

कुलपं आहेत ती दुसऱ्यांच्या दारांना. आमच्या गल्लीत चौदा घरं, त्यांतली अकरा बंद. माणसं सुरतेला हिरे घासतात आणि किल्ल्या माझ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर लटकतात. वर्षातून एकदा सातम-आठमला, श्रावणातल्या गोकुळाष्टमीच्या सणाला, सगळे येतात. सातमला चूल पेटवायची नाही, म्हणून आदल्या दिवशी सगळं रांधून ठेवायचं असतं, आणि यांच्या गाड्या पोचतात दिवेलागणीला. मग फोन येतो, "जमकूकाकी, जरा झाडून घ्या, टाकी भरून ठेवा, आणि थोडे वडे-थेपले आमचेही करा." जरा म्हणे. अकरा घरं जरा झाडून दाखवा.

मंगळवारी हातिमभाईने तीन कुलपं काढून समोर ठेवली. "कायमचं जाणार असाल तर हे मोठंच घ्या, काकी. गंजत नाही."

"आठ दिवसांसाठी किती मोठं लागतं?"

तो हसला नाही. त्याने कुलूप कागदात गुंडाळून दिलं, आणि निरोपाचं म्हणून वर तेलाची बाटली फुकट दिली. मी घरी पोचायच्या आत सुरतेला बातमी पोचली होती. पहिला फोन वल्लभचा. पाचवं दार त्याचं.

"काकी, हे काय ऐकतोय? तुम्हीपण निघालात?"

"भावनगरला. आठ दिवस. रसीलाचं बाळंतपण आहे."

"आम्हीपण दिवाळीपर्यंत म्हणूनच निघालो होतो. सतरा वर्षं झाली."

"वल्लभ, माझं तिकडे काय आहे? मी परत येणार."

"पण सातम पंधरा दिवसांवर आली! आमचं कोण बघणार?"

"तू बघ. घर तुझं आहे."

"चिडू नका ना. तुम्ही आहात म्हणून तर आम्ही इकडे निर्धास्त झोपतो."

या वाक्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे निर्धास्त झोपतात, आणि मी यांच्या छपरावरून मांजर गेलं तरी उठून बसते. संध्याकाळपर्यंत नऊ फोन आले. एकाने घर विकायचं असेल तर आधी आम्हाला सांगा म्हटलं. एकीने रडून घेतलं, आणि रडता रडता टाकीच्या नळाचं काय ते विचारलं. रसीला कशी आहे, हे एकानेही विचारलं नाही.

बुधवारी तिचाच फोन आला. "बा, तू राहू दे."

"का गं?"

"वल्लभभाईंचा फोन होता. म्हणाले, तुझी आई निघाली तर गल्ली ओस पडेल, तू हट्ट करू नकोस. मी महुव्याला नणंदेला विचारलंय. ती बघू म्हणाली."

"त्या वल्लभला चुलीत घाल. तुला मी हवी आहे की नको?"

 ती हळूच म्हणाली, "मला भीती वाटतेय, बा."

"शुक्रवारी तुला आत नेतील तेव्हा मी दाराशी असेन," मी म्हटलं. फोन ठेवला, अकराच्या अकरा किल्ल्या पिशवीत भरल्या आणि हातिमभाईच्या गल्ल्यावर नेऊन ओतल्या. "गावभर तुम्हीच केलंत ना? आता आठ दिवस तुम्हीच सांभाळा." तो काहीतरी बोलत होता. मी ऐकायला थांबले नाही.

गुरुवारी सकाळी दाराला नवं कुलूप लावून आठच्या एसटीला स्टँडवर पोचले. फोन सारखा वाजत होता, म्हणून तो पिशवीत तळाशी, बाळंतिणीसाठी डिंक-सुंठ घालून केलेल्या काटल्याच्या डब्याखाली कोंबला. गाडी आली. कंडक्टर मनसुखने दारातूनच हात लांब करून माझ्या हातातली पिशवी घेतली.

"भावनगरलाच ना, काकी? जावई अश्विनकुमार येतील ना घ्यायला?"

"अरे, मी..."

"कळलं, कळलं. डबा सांडू देत नाही." त्याने पिशवी ड्रायव्हरच्या शेजारी ठेवली, दार ओढलं आणि दोनदा घंटी मारली.

त्याचाही काय दोष? गेली तीस वर्षं मी या स्टँडवर येते ती कुणाचं तूप, कुणाचं लोणचं, कुणाची औषधं गाडीत चढवायला. मी स्वतः चढेन, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. मी गाडीमागे पेट्रोलपंपापर्यंत धावले. हाका मारल्या. आतल्या एक-दोघांनी खिडकीतून हात हलवून निरोप दिला.

परत आले तर चहावाला भिखुभाई कपबशी विसळत होता. "पार्सल गेलं ना, काकी? मग धावता कशाला?"

"मला जायचं होतं."

"कुठे?"

"भावनगरला, रसीलाकडे." पुढची गाडी चारला होती. भिखुभाईने लगेच मनसुखला फोन लावला, पिशवी जावयाच्या हातातच दे, आणि काकी चारच्या गाडीने येताहेत असं सांग, असं दोनदा बजावलं. मग मला म्हणाला, "आठ तास इथे काय कराल? घरी जाऊन जरा पडा."

घरी गेले तर काय होईल, हे मला ठाऊक होतं. हातिमभाई किल्ल्या घेऊन दारात उभा असेल, त्याच्या फोनवर वल्लभ असेल, आणि चार वाजून जातील. मी बाकावर बसले. येणारा-जाणारा विचारत होता, "कुणाची वाट बघताय, काकी?" पहिल्या चौघांना खरं सांगितलं. चौघांनीही मान डोलावली आणि विचारलं, मग सातमचं कसं? पाचव्यापासून मी बोलणंच सोडलं. दुपारी भिखुभाईने गाठिया आणून ठेवले. ते रागारागाने खाल्ले.

चारची गाडी सव्वाचारला आली. दार उघडलं. हा कंडक्टर दुसरा होता, पण ओळखीचाच. त्याने खाली न उतरता सवयीने हात पुढे केला.

"द्या, काकी. काय पाठवायचंय?"

मी तोच हात घट्ट धरला आणि वर चढले.