न दाबलेले कुलूप

शके १८५७, वैशाख शुद्ध दशमी, दुपारचा प्रहर. स्थळ, कार्ल्याच्या डोंगराखाली वेहेरगावचे मोकळे मैदान, जेथे एकवीरेच्या दर्शनास आलेल्यांच्या मोटारी आणि टांगे उभे राहत. त्या दिवशी त्या स्थळी एक चोरी झाली आणि तिचा एकमेव साक्षीदार मी होतो. मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे. माझी साक्ष कुणी घेतली नाही. घेतली असती तरी मला ती देता आली नसती. ती आज तुमच्यापुढे ठेवतो.

उत्तरेकडील एका कारागिराने मला घडवले. मला लावण्यास किल्ली लागत नाही. कडी खाली दाबली की आतला खटका ‘टक्’ असा बसतो. उघडण्यास मात्र किल्ली हवीच. हा माझा गुण. पुढे याच गुणाने एका निरपराध माणसाचा घात झाला. तेव्हा वस्तूचे गुणदोष वस्तू पाहून ठरत नाहीत, ती वापरणाऱ्याचा हात पाहून ठरतात, असे माझे मत आहे आणि ते मी सोडणार नाही.

वडगावच्या कोर्टात वकिली करणारे दत्तोपंत लोणावळ्यास राहत. त्यांनी मला बाजारातून विकत घेऊन आपल्या मोटारीच्या मागील लाकडी पेटीस लावले. मोटार चालवी नूरमहंमद. ते माझे वैभवाचे दिवस! नूरमहंमद मला चिंचेने घाशी, लोणावळ्याच्या पावसाळ्यात माझ्या पोटात तेलाचा थेंब सोडी आणि म्हणे, “चमकतंय बघा, साहेब! गाडीपेक्षा ह्याचाच रुबाब लय.”

माझ्या किल्ल्या दोन. एक नूरमहंमदाच्या कमरेला, दुसरी दत्तोपंतांच्या जानव्याला. जानव्याची किल्ली सुरक्षित खरी, परंतु ती काढायची तर कोट उघडा, सदऱ्याची बटणे सोडा, मग जानवे ओढा! मला लावण्यासही किल्ली लागते असा त्यांचा समज होता, म्हणून या खटाटोपाला कंटाळून दत्तोपंतांनी एक सवय जडवून घेतली होती. ते माझी कडी कोयंड्यात ओवीत, पण दाबीत नसत. दुरून पाहणाऱ्यास कुलूप दिसे, एवढ्यावर त्यांचे समाधान. या कृतीला ते ‘कुलूप लावणे’ म्हणत. नूरमहंमद तिला ‘अडकवणे’ म्हणे. कायद्यातील एकेका शब्दावर दोन दोन घटका भांडणाऱ्या त्या गृहस्थांना या दोन शब्दांतील अंतर कधी भांडण्याजोगे वाटले नाही.

त्या दशमीस दत्तोपंत आणि त्यांच्या पत्नी शालूबाई भाचीच्या लग्नासाठी कामशेतला निघाले होते. वाटेत देवीचे दर्शन घ्यावे म्हणून मैदानात मोटार थांबली. शालूबाईंच्या हाती चामड्याची पिशवी होती आणि तिच्यात त्यांच्या दिवंगत आईची मोत्यांची नथ. भाचीने लग्नात आजीची नथ घालावी, एवढीच त्यांची इच्छा.

पण चामडे देवीपुढे नेत नाहीत. दत्तोपंत भर मैदानात म्हणाले, “अगं, ती नथेची पिशवी मागं पेटीत ठेव! चामडं वर न्यायचं नाही!”

टोपलीत करवंदे विकणारी धोंडाबाई हसली. “अवं साहेब, येवढ्या मोट्यानं? वर आईला बी ऐकाया गेलं!”

भोवतालची माणसे हसली. टांग्याआड उभा असलेला पांढऱ्या टोपीचा एक इसम तेवढा हसला नाही.

शालूबाईंनी पिशवी पेटीत ठेवली आणि दत्तोपंतांनी मला नेहमीप्रमाणे अडकवले. नूरमहंमदाने विचारले, “साहेब, कुलूप दाबलं का?”

“लावलंय रे. तू आधी गाडीला पाणी बघ.”

दत्तोपंत आणि शालूबाई पायऱ्या चढू लागले. नूरमहंमद डबा घेऊन विहिरीकडे गेला. तेव्हा पांढरी टोपी शांतपणे मोटारीपाशी आली. आपलीच वस्तू उचलावी तसे त्याने मला कोयंड्यातून काढले, पिशवी उपरण्याखाली घेतली आणि मला पुन्हा जागच्या जागी अडकवले. मग, चोरी उशिरा कळावी म्हणून, त्याने मला दाबले. टक्! त्या दिवशी मला खरोखर लावणारा माणूस एकच निघाला, आणि तो चोर होता.

नूरमहंमद परतला. सवयीप्रमाणे त्याने मला ओढून पाहिले. लागलेले होते. तो निश्चिंतपणे सावलीत बसला.

दर्शन घेऊन मंडळी उतरली. नूरमहंमदाने आपल्या किल्लीने पेटी उघडली, तर आत पिशवी नव्हती. दत्तोपंतांनी तेथेच उलटतपासणी आरंभिली.

“तू पाण्याहून आलास तेव्हा कुलूप कसं होतं?”

“लागल्यालं व्हतं, साहेब. मी सोता वडून बघितलं.”

“किल्ल्या किती?”

“दोन.”

“एक माझ्या जानव्याला आहे. दुसरी?”

नूरमहंमदाने कमरेची किल्ली काढून समोर धरली. एखाद्या लबाडाने ‘कुलूप उघडेच होते’ असे म्हणून अंग काढून घेतले असते. तो खरे बोलला, आणि त्या खऱ्या बोलण्यानेच तो बुडाला.

धोंडाबाई पुढे आली. “त्यो पान्याला गेलता, साहेब. मी बघितलंय.”

“पिशवी घेऊन गेला असेल! तू करवंदं वीक.”

ती संध्याकाळ नूरमहंमदाच्या नोकरीची शेवटची ठरली. लोणावळ्याच्या मोटारतळावर त्याला पाहताच “आला बघा किल्लीवाला!” असे टोमणे ऐकू येत. कुणी त्याच्या हाती मोटार देईना. अखेर बायको अमिनाला घेऊन तो कामशेतला गेला आणि भाताच्या वखारीत पोती वाहू लागला. इकडे मला चिंच मिळेना, तेल मिळेना. मी काळवंडलो.

पुढल्या वर्षी लोणावळ्याच्या बाजारात मोटार उभी असता दत्तोपंतांनी मला नेहमीसारखे अडकवले. नवा चालक भिमाजी आला आणि त्याने अंगठ्याने मला दाबले. टक्!

दत्तोपंत दचकले. “काय केलंस?”

“दाबलं, साहेब. नुस्तंच अडकवल्यालं व्हतं की.”

“किल्लीशिवाय?”

“दाबाया किल्ली कशाला लागती?”

दत्तोपंतांचा हात छातीशी जानव्यावर गेला आणि तेथेच थबकला. शेजारी उभ्या असलेल्या शालूबाई पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी ते दोघे कामशेतला गेले. वखारीतला हमाल म्हणाला, “त्यो आन् अमिनाभाभी कवाच गेली हितनं. कुटं, ते न्हाई सांगितलं.”

मित्रांनो, कुणी म्हणेल, चोर तो चोर. दत्तोपंतांचा काय दोष? माझे उत्तर असे की चोराने नथ नेली, नूरमहंमदाचे नाव नेले नाही. ते दुसऱ्यांनी नेले. म्हणून मोटार उभी करून जाताना मोलाची वस्तू मागे ठेवू नका. ठेवणे भागच पडले तर ती कोठे ठेवली हे चारचौघांत बोलू नका. कुलूप दाबा, आणि दाबलेले ओढून पाहा. इतके करूनही वस्तू गेलीच, तर दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपला हात काय करून गेला ते आठवा.

कामशेतहून परतताना मोटारीत दत्तोपंत वकिली सवयीने म्हणाले, “पण कुलूप लागलेलं होतं, असं तो स्वतःच म्हणाला ना?”

शालूबाई म्हणाल्या, “तो खरं बोलला. कुलूप उघडं तुम्ही ठेवलंत, आणि चोर त्याला ठरवलंत.”