जिन्यावरची पावलं

"पुढचं वाच," हे म्हणाले.

मी तिसरं वर्तमानपत्र उघडलं. एरवी आमच्याकडे एकच येतं. आज दोन शेजाऱ्यांकडून मागून आणली होती, कारण त्या जुन्या गाजलेल्या नाटकावरचा नवा सिनेमा लागला होता आणि त्याची परीक्षणं आली होती. ह्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे.

आमचे हे नाट्यसंस्थेत सुतार होते. सेट ठोकायचा, खेळ संपला की उतरवायचा. पण त्या नाटकात ह्यांना आणखी एक काम होतं. त्यातला बाप रंगमंचावर कधी दिसतच नाही. तिसऱ्या अंकात नुसता जिना चढताना ऐकू येतो. ती पावलं ह्यांची. पडद्यामागे लाकडी जिना, पायांत जड बूट, अकरा पायऱ्या, बावीस वर्षं. गुडघे तिथेच ठेवून आले. जाहिरातीत नाव मात्र एकदाही नाही.

पहिल्या परीक्षकाला सिनेमा धाडसी वाटला होता, दुसऱ्याला पोरकट. सिनेमात बाप चक्क दाखवलाय, त्यावरून सगळा वाद. पावलांबद्दल अवाक्षर नाही. हे दर वेळी "बरं" म्हणत आणि गुडघा चोळत. काय ऐकायची वाट बघतायत ते मला कळत होतं, आणि माझा जीव तुटत होता.

तिसरा परीक्षक जुन्या काळातला निघाला. मी वाचलं, "बाप दिसला आणि भीती गेली. नाटकात ती ध्वनिमुद्रित पावलं जिना चढू लागली, की शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरावासा वाटे."

"ध्वनिमुद्रित!" माझं डोकंच फिरलं. "कागद आणते. आत्ताच्या आत्ता पत्र टाकते ह्याला!"

"बस गं खाली. एकसारखी पडत असतील, म्हणून वाटलं असेल त्याला. ते शेवटचं परत वाच."

"कुठलं?"

"हात धरावासा वाटे, ते. मी कायम मागेच ना. समोर बसून कसं वाटायचं, मला काय माहीत?"

मी सात वेळा समोर बसून ते नाटक पाहिलं होतं, दर वेळी घाबरले होते, आणि घरी येऊन सरळ स्वयंपाकाला लागले होते. ह्यांना सांगायचं कधी सुचलंच नाही.

मी परत वाचलं. हे डोळे मिटून ऐकत होते.

"अजून एकदा."

ह्या वेळी 'ध्वनिमुद्रित' हा शब्द मी गाळला.

"हां," हे डोळे न उघडता म्हणाले, "आता बरोबर वाचलंस."