गुळाला मुंगी न लागलेलं गोदाम

ग्रामसेवक मालोजींचा 'तात्पुरतं' या शब्दावर फार विश्वास होता. गावाचा दवाखाना तात्पुरता तालमीत होता, तालीम तात्पुरती देवळामागे होती, आणि मालोजी स्वतः आठ वर्षांपूर्वी तात्पुरते म्हणूनच या गावात आले होते. त्यामुळे १९७४ साली बालवाडीसाठी जागा द्यावी असं पत्र वरून आलं, तेव्हा त्यांनी अर्ध्या तासात जागा काढली.

गाव मोहोपाड्यापासून कोसभर. कडेच्या गायरानावर पत्र्याचं एक गोदाम होतं. एका कंपनीने तिथं दोन वर्षं पिंपं ठेवली, मग एके दिवशी ती उचलली आणि गोदाम पंचायतीला फुकट देऊन टाकलं. फुकट मिळालेल्या वस्तूची चौकशी करणं मालोजींना असभ्य वाटे. परवानगीच्या कागदावर 'जागेचा पूर्वीचा वापर' असा रकाना होता. तिथे त्यांनी सवयीने 'निरंक' लिहिलं. सोमवारी सभापती उद्घाटनाला यायचे होते.

शनिवारी सकाळी भीमाबाई पंचायतीत आल्या. बौद्धवाडीतल्या या बाई बालवाडीच्या मदतनीस. गोदामातली जमीन सारवायचं काम त्यांच्याकडे होतं.

"भाऊसाहेब, जमीन शेण धरत नाय."

"म्हणजे?"

"तीनदा सारवलं. सकाळी बघावं तर सगळं पापुद्रं सुटून वर आलेलं. खाली पिवळं."

"शेण पातळ झालं असेल."

"चाळीस वरसं सारवतेय मी. तुमी कितीदा सारवलंय?"

मालोजींनी या प्रश्नाचं उत्तर फायलीत शोधून पाहिलं. सापडलं नाही.

तेवढ्यात सरपंच आबाजी आत आले. ऐकून म्हणाले, "वर सतरंजी टाक गं. सभापती काय ती उचलून बघनार हायत?"

"सभापती अर्धा तास बसतील, आबा. पोरं वरीसभर बसनार. रांगत्यात, लोळत्यात, खाली सांडलेला चुरमुरा उचलून खात्यात."

"अगं, तात्पुरतं हाय."

"पोराचं लहानपन बी तात्पुरतंच हाय. पुन्हा थोडंच येतंय?"

बोलता बोलता भीमाबाईंनी दोन्ही हात टेबलावर उघडे ठेवले. बोटांची कातडी सोलून निघाली होती. आबाजींनी खिडकीबाहेर पाहिलं. मालोजींनी चपला घातल्या.

गोदामाच्या भिंतीपासून हातभर अंतरावर गवत थांबलं होतं, कुणी रेघ मारून दिल्यासारखं. छपरावर चिमणी नव्हती. आत भिंतींवर रंगाऱ्याने मुळाक्षरं सुबक काढली होती. कोपऱ्यात गुळाचा खडा होता.

"काल सकाळी ठेवलाय," भीमाबाई म्हणाल्या. "मुंगी दाखवा बरं."

मालोजी वाकले. मुंगी नव्हती, माशीही नव्हती. वाकल्यावर घसा मात्र खवखवला आणि डोळ्यांना पाणी आलं.

"बत्तीस पोरांची यादी हाय ना तुमच्याकडं?" भीमाबाई शांतपणे म्हणाल्या. "सगळी आमच्या वाडीतली, नायतर डोंगराकडच्या कातकरवाडीतली. आबांची नातवंडं त्यात नायत. तुमची लेक बी नाय. आमच्या पोरांना जागा नाय, म्हनून कसली बी चालंल का? जितं तुमचं बसवाल, तितं आमचं बसवा. येवढंच मागनं हाय."

मालोजींनी मनातल्या मनात आपल्या चार वर्षांच्या लेकीला त्या कोपऱ्यात बसवलं. ती बसली. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि गुळाच्या खड्याकडे हात नेला.

"नको!" मालोजी मोठ्याने म्हणाले.

गोदामात त्या दोघांखेरीज कुणीच नव्हतं. भीमाबाईंनी दाराचं कुलूप त्यांच्यापुढे धरलं.

कुलूप लागलं. माती एका पुड्यात बांधून सरकारी तपासणीला गेली. पंचायतीत आबाजी तडकले, "मग सोमवारी सभापतींना काय माज्या डोक्यावर बसवू?"

"ही सभेची खोली महिन्याचं अठ्ठावीस दिवस रिकामीच असती की," भीमाबाई म्हणाल्या.

आबाजींनी मालोजींकडे आशेने पाहिलं. मालोजी आयुष्यात पहिल्यांदा ठामपणे म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं."

बालवाडी पंचायतीत भरली. सभा चिंचेखाली होऊ लागल्या आणि उन्हाच्या धाकाने वेळेवर संपू लागल्या. तपासणीचं उत्तर मात्र दोन वर्षं झाली तरी आलेलं नाही. गोदाम उभंच आहे, आणि परवाच कुणाचा तरी अर्ज आलाय: लग्नाचं वऱ्हाड उतरवायचं आहे, फक्त दोन दिवस जागा मिळावी.

वाचकहो, तुमच्याही गावात, शहरात अशी एखादी जागा ओस पडलेली असेल. ती नुसती कुजवू नका, लोकांच्या कामी आणा. पण कुलूप काढण्याआधी तिथे पूर्वी काय होतं ते विचारा. कुणी सांगेना झालं, तर दुसऱ्याची मुलं तिथे पाठवण्याआधी आपलं मूल बसवून पाहा. मनातल्या मनात बसवलं तरी पुरे.