खांबातला खर्ज

लोकांच्या डोळ्यांवर पोट भरणाऱ्या माणसाला सगळ्यांनी कानावरून नाव ठेवावं, ही गंमतच म्हणायची. दिवसभर चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना भिंतीवरची बारीक होत जाणारी अक्षरं वाचायला लावायची, आणि शटर ओढलं की कुठे कोण नवी पोरं गिटार घेऊन उभी राहताहेत ते हुडकत फिरायचं, असा त्याचा खाक्या. त्याला कानसेन म्हणत. लग्न त्याने केलं नाही, बहिणीच्या घरातल्या वरच्या खोलीत राहायचा. बहीण म्हणायची, "बायको आली असती तर कानातले इअरफोन काढून तिचं ऐकावं लागलं असतं ना, म्हणून टाळलंन याने."

नावाजलेल्यांच्या कार्यक्रमाला तो फिरकतच नसे. ज्यांचं नाव अजून कुणी ऐकलेलं नाही अशांना ऐकायचं, आणि घरी येऊन हातपाय धुवायच्या आधी फोनवरच्या आपल्या पानावर लिहून मोकळं व्हायचं. जीभ तिखट होती. एका ड्रमवाल्याबद्दल त्याने लिहिलं होतं, हा गडी गाडी सुटत असल्यासारखा वाजवतो. तोच ड्रमवाला पुढे नंबर काढायला दुकानात आला आणि शेवटपर्यंत अक्षरांखेरीज एक शब्द बोलला नाही. पण कानसेनने बरं म्हटलं की ते बरंच असतं, हे लोकांना पटलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते जरा जास्तच पटलेलं होतं.

ऐकायची त्याची तऱ्हाही न्यारी. स्टेजसमोर धक्के खात उभं राहणं त्याला मंजूर नव्हतं. हॉलमध्ये शिरलं की गॅलरीखालचा एखादा खांब गाठायचा, त्याला पाठ टेकायची आणि डोळे मिटायचे. "खर्जातले स्वर पाठीने ऐकायचे असतात," असं तो भेटेल त्याला सांगायचा. या पाठीनेच पुढे त्याचा घात केला.

त्याच्या भाचीने तीन मित्रमैत्रिणी जमवून बँड काढला, तेव्हा घरात महिनाभर धुसफूस चालली होती. शेवटी बहीण भावाला म्हणाली, "हे वेड तिला तूच लावलंस. आता ती जिथे गाईल तिथे तू हजर पाहिजेस. तिचं काही बरंवाईट झालं तर मी तिला नाही, तुला विचारणार." तो हसून हो म्हणाला. गाण्यात बरंवाईट ते काय व्हायचं?

पोरांचा पहिला कार्यक्रम बाजारामागच्या जुन्या हॉलमध्ये झाला. कधीकाळी ते गोदाम होतं. पुढे कुणीतरी आत स्टेज बांधलं, तिन्ही बाजूंनी लाकडी गॅलरी काढली आणि तिला खाली लोखंडी खांब दिले. ऐकायला आलेले सगळे एकमेकांच्या ओळखीचे, म्हणजे कुणाची मावशी, कुणाचा शेजारी. खाली बरं दिसत नाही म्हणून निम्मे वर गॅलरीत जाऊन बसले. कानसेन नेहमीप्रमाणे खांबाला टेकला.

पहिली दोन गाणी यथातथाच झाली. भाचीचा गळा चांगला होता, पण बाकीचे हातचं राखून वाजवत होते. आता लिहायचं काय आणि घरी तोंड कसं दाखवायचं, या विवंचनेत तो होता. तेवढ्यात तिसऱ्या गाण्यात, वरचे लोक पायाने ठेका धरू लागले तेव्हा, सगळ्या वाद्यांच्या खालून एक स्वर आला. फार खोल, लांबलचक, जरासा थरथरणारा. त्याच्या पाठीच्या कण्यातून तो सरसरत वर चढला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं इतकी पोरं ऐकली, पण हे कुणाला सुचलं नव्हतं, आणि सुचलं ते आपल्या पोरीला, या विचाराने तो अगदी विरघळून गेला.

घरी आल्यावर बहीण त्याच्या खांद्याकडे बघून म्हणाली, "डोक्याला तेल लावत जा रे. काय हा कोंडा." त्याने खांदे झटकले. पांढरी पूड जमिनीवर सांडली, आणि तो तसाच उभ्याउभ्या लिहायला लागला.

त्याने लिहिलं की या बँडला गाणी अजून यायची आहेत, पण यांच्याकडे एक खर्ज आहे, जो ऐकला की माणूस पहिल्यासारखा राहत नाही. जा, खांबाला टेका आणि ऐका.

झालं. लोकांनी ते वाक्य डोक्यावर घेतलं. भाची मात्र बुचकळ्यात पडली. "मामा, कुठला खर्ज? मला तर स्टेजवर काही ऐकू आलं नाही." मग तिने एकेकाला विचारलं. बेसवाली म्हणाली मी नाही. त्यांचा ड्रमवाला म्हणाला माझा काय संबंध. कीबोर्डवाला नुसता गालात हसला. बँडमध्ये त्याच्याकडे आजवर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्या हसण्याचा सगळ्यांनी एकच अर्थ घेतला, आणि त्यानेही तो घेऊ दिला.

दुसरा कार्यक्रम त्याच हॉलमध्ये, महिन्याभराने एका रविवारी दुपारी ठरला. सगळी तिकिटं संपली. हॉलच्या मॅनेजरने पहिल्यांदाच आपणहून भाचीला चहा पाजला म्हणे.

कानसेन लवकर जाऊन पोहोचला. स्टेजवर वायरी पसरलेल्या होत्या, भाची गिटारच्या तारा पिळत बसली होती. वर गॅलरीत दोन माणसं बाकं सरकवत होती. तो सवयीने आपल्या खांबाला टेकला, डोळे मिटले, आणि पाठीतून तो स्वर आला.

तोच. खोल, लांबलचक, थरथरणारा.

त्याने डोळे उघडले. कुणी वाजवत नव्हतं. स्पीकरची वायर अजून जोडलेलीही नव्हती, आणि कीबोर्डवाल्याचा तर पत्ताच नव्हता. वर बाकं सरकली की स्वर वाढायचा, माणसं थांबली की मिटत मिटत जायचा. कानसेनने हळूच आपल्या खांद्यावरून बोट फिरवलं आणि बघितलं. बोटावर पांढरी पूड होती. त्याने मान वर केली. खांबाचं डोकं जिथे गॅलरीच्या तुळईला भिडत होतं, तिथल्या चुन्याला केसभर भेग पडली होती.

त्याच्या फोनवर पहिल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग होतं. त्याने ते कानाला लावलं आणि पाठ पुन्हा खांबाला. दोन्ही स्वर एकाच वेळी ऐकले. मग फोन खाली घेतला. महिन्याभरात स्वर उतरला होता. समोर भाची तार सैल करत होती, आणि तिच्याही तारेचा स्वर तसाच खाली घसरत होता.

"इकडे ये," तो म्हणाला. तिला त्याने खांबाला टेकवलं आणि गॅलरी सैल होत चालल्याचं सगळं सांगितलं.

तिने खांबाला तळहात लावून पाहिला. मग म्हणाली, "म्हणजे आमच्यात तसं काहीच नव्हतं."

"तुझ्यात गळा आहे. मी मूर्ख आहे, हे वेगळं."

"लोक त्यासाठी येताहेत मामा. आमच्यासाठी नाही." तिने दाराकडे बोट केलं. "आज रद्द केलं तर आम्हाला पुन्हा कोण उभं करील? आणि तुझी खात्री आहे का? मागच्या वेळीही तुझी खात्रीच होती."

हे वर्मी लागलं. खात्री करून देणारा माणूस म्हणून तो जगला होता, आणि आता त्याच्याच शब्दाला त्याच्याच घरात किंमत उरली नव्हती.

मॅनेजरने तर त्याला झुरळासारखं झटकलं. "साहेब, हा खांब तुमच्या जन्माच्या आधीपासून उभा आहे. वर लाकडी गॅलरी आहे, आवाज करणारच. आणि काय हो, तुम्हीच लिहिलंत ना, खांबाला टेका म्हणून? मी तुमचं लिहिणं मोठं करून दारावर लावलंय." शेवटी बरीच हुज्जत झाल्यावर तो एवढ्यावर आला की वर कुणाला सोडणार नाही. जिन्याला त्याने दोरी बांधली. कानसेनने गाठ ओढून बघितली. आपण घाबरट झालो की काय, असंही त्याला वाटून गेलं, आणि तसं असावं अशी त्याने मनोमन प्रार्थना केली.

दारं उघडली आणि माणसं पुरासारखी आत आली. खाली पाय ठेवायला जागा राहिली नाही. प्रत्येक खांबाला माणसं पाठ लावून उभी होती, डोळे मिटायची रंगीत तालीम करत होती. ते बघून त्याला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्या खांबाला एक आई आपल्या लेकीला घेऊन टेकली होती. "बाई, इथे उभ्या राहू नका," तो म्हणाला. ती म्हणाली, "का, जागा फक्त तुमचीच का?" आणि हसली.

तेवढ्यात डोक्यावर पावलं वाजू लागली. त्याने जिन्याकडे बघितलं. दोरी सोडून कठड्याला गुंडाळून ठेवली होती, आणि मॅनेजर लोकांना हाताने वर चढवत होता.

कानसेन गर्दीत घुसला, पण पोहोचेपर्यंत गॅलरी भरलीसुद्धा. मॅनेजर त्याच्याकडे न बघता म्हणाला, "खाली गुदमरून मेले असते. त्याची जबाबदारी तुम्ही घेणार होता?"

पहिलं गाणं सुरू झालं. भाची सुरेख गात होती, एवढं सुरेख ती कधीच गायली नव्हती, आणि ऐकायला तिच्या मामाचं चित्त ठिकाणावर नव्हतं. वरच्यांनी ठेका धरला. खालून तो स्वर उठला, या वेळी पाठ टेकायची गरजच नव्हती. "आला, आला," म्हणत लोकांनी टाळ्या पिटल्या. वरचे आणखी जोरात पाय आपटू लागले. दिव्यांच्या झोतात पांढरी पूड भुरभुरताना दिसत होती, आणि कुणीतरी ती फोनवर टिपून घेत होतं. त्या आईच्या लेकीने ओंजळ पुढे धरली होती.

गाणं संपताच तो धडपडत स्टेजवर चढला आणि भाचीच्या हातातला माईक घेतला. "मी चुकलो," तो म्हणाला. "तो आवाज यांचा नाही. ही गॅलरी बोलतेय. वरचे सगळे हळूहळू खाली या."

हॉल खदखदून हसला. कानसेनचा तिखट विनोद त्यांना माहीत होता. "गॅलरी बोलतेय," कुणीतरी वरून ओरडलं, आणि बघता बघता ती घोषणाच झाली. प्रत्येक शब्दाला एक पाय.

त्याने कीबोर्डवाल्याकडे पाहिलं. पोराचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि दोन्ही हात मांडीवर होते. त्याने नजर चुकवली.

मग कानसेनने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. चालू कार्यक्रमात मागच्या भिंतीपाशी जाऊन त्याने मेन स्विच खाली ओढला.

दिवे गेले, स्पीकर मेले. दारांच्या फटींतून दुपारचं तेवढं उजेडाचं पाणी आत येत होतं. हॉलभर नाराजीचा सूर उमटला. ड्रमवाल्याला विजेची गरज नव्हती, तो तसाच वाजवत राहिला, आणि वरचे पाय त्याच्याबरोबर चालू राहिले. अर्धवट उजेडात भाची स्टेजवर उभी होती. ती मामाकडे बघत होती. ज्या दिवसाची तिने वाट बघितली तो दिवस तिच्या हातात होता, आणि अजूनही तो वाचवता आला असता.

तिने हात वर केला. ड्रम थांबले. तिने तोच हात गॅलरीकडे केला आणि तळवा दाखवला, मूल झोपलेल्या घरात दाखवावा तसा. एकेक पाय थांबत गेला. टाळ्या विरल्या. शेवटी हॉलमध्ये कुणी काही वाजवत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं.

स्वर चालूच होता.

आता तो सगळ्यांना ऐकू येत होता. शेकडो माणसं श्वास धरून एका खांबाकडे बघत होती. कीबोर्डवाला रडवेल्या आवाजात म्हणाला, "तो माझा नव्हता. कधीच नव्हता." त्या आईने लेकीला दंडाला धरून जवळ ओढलं. मॅनेजर जिन्याच्या पायरीवर दोरी हातात घेऊन उभा होता आणि त्याला खालीही उतरता येत नव्हतं आणि वरही जाता येत नव्हतं.

"आधी खांबाखालचे बाहेर," भाची हळू आवाजात म्हणाली. "मग वरचे, एकेक जण. पाय न वाजवता." गायच्या आवाजापेक्षा तिचा हा आवाज दूरवर पोहोचला.

दारं उघडली गेली. खालची माणसं मुकाट्याने उजेडाकडे सरकू लागली. गॅलरीत पहिला माणूस बाकावरून उठला, आणि कानसेनच्या पाठीला खांबाची गरज न लागता कळलं, स्वर आणखी खाली उतरला होता. वर अजून सगळी गॅलरी भरलेली होती, आणि भाची तिच्याखालीच, जिन्याच्या तोंडाशी जाऊन, वरच्यांना हात देत उभी राहिली होती.