टीव्हीवरचा तोतया

माहितीपट संपला तसा चिमीने रिमोट सोफ्यावर आपटला. साठीला टेकलेल्या बाईला अजून चिमी म्हणणारा जगात एकच माणूस उरला होता, तिचा थोरला भाऊ, आणि तो आत्ता स्वयंपाकघरात उभा राहून पाणी पीत होता. एक भांडं संपलं, दुसरं भरलं. तहान कसली डोंबलाची! बाहेर येऊन बहिणीला तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

हा दादा म्हणजे सगळे वाचक ज्याला ‘एकांतवासी चित्रकार’ म्हणून डोक्यावर घेऊन नाचत होते तो. कुठे फोटो नाही, मुलाखत नाही, सत्काराला बोलावलं तर प्रकृतीचं कारण. लोकांना वाटायचं, केवढा विरक्त माणूस! विरक्त कसला, एक नंबरचा घाबरट. चारचौघांत गेलं की कुणीतरी हातात पेन कोंबणार आणि ‘एक काजळ्या काढून द्या ना’ म्हणणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि काजळ्या त्याला येत नव्हता.

काजळ्या हा दादाच्या नावावर निघणाऱ्या कॉमिकचा नायक, अंधारात वावरणारा. गोष्ट दादाची, संवाद दादाचे, पेन्सिलीने माणसं मांडायचा तोही दादाच. नाही कोण म्हणतंय? पण त्या पेन्सिलीतला काजळ्या म्हणजे कोट घातलेला कुणीही सोम्यागोम्या. त्याचा काजळ्या व्हायचा तो शाईने. कोट, सावली, जिना, ओली भिंत, सगळं बारीक तिरक्या रेघांनी भरलेलं, आणि त्यातली एकूण एक रेघ चिमीची. पहिल्या अंकावर प्रकाशकाने दादाचं एकट्याचं नाव छापलं आणि हिचं ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणाला. पुढच्या वेळी कुणी काही बघितलं नाही.

म्हणून टीव्हीवाले माहितीपटासाठी मागे लागले तेव्हा चिमीनेच दादाला उभं केलं. अट एकच घातली, कॅमेऱ्यासमोर एकदा तिचं नाव घ्यायचं. “घेईन गं, त्यात काय एवढं!” असं म्हणालाही होता. आणि प्रत्यक्षात काय, तर आरामखुर्चीत बसून, हनुवटीला हात लावून, “मी एकटाच काम करतो,” म्हणे! वर कहर म्हणजे दिग्दर्शिकेच्या आग्रहाखातर पेन घेऊन चार रेघाही ओढून दाखवल्या. चिमी शाई आणायला बाजारात गेली होती तेवढ्या वेळात हे दिवे लावून झाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत चाहते मंडळाची बैठक होती. चिमी निघाली तेव्हा दादाने तिला अडवलं नाही. अडवायला तोंड कुठे होतं? मंडळात तिला सगळे ओळखायचे, पण ‘दादांच्या ताई’ म्हणून. चाहत्यांची पत्रं घेऊन जायला येणारी बाई, एवढंच. आज मात्र ती एक आशा धरून निघाली होती. ही माणसं प्रत्येक चौकट भिंग लावून बघतात. टीव्हीवरच्या त्या चार रेघा एकाला तरी खटकल्या असतील. एकाने जरी म्हटलं की हा हात तो नव्हे, तरी पुरे.

बैठकीत नुसता गदारोळ होता. कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंना दादाची आरामखुर्ची सहन झाली नव्हती. “काजळ्याचा जनक आरामखुर्चीत? आणि पायात रबरी चपला? मला तर रडूच आलं.” मंडळाचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, पण अजून काउंटरपलीकडून बोलल्यासारखे बोलायचे. त्यांचं दुःख वेगळं होतं. “दोन तास माझी मुलाखत घेतली आणि दाखवला काय, तर माझा कान! बाकी सगळा वेळ खिडकीतला पडदा हलताना.” त्यावर मागून कुणीतरी म्हणालं की पडद्याचं काम चांगलं झालंय. पुढची पाच मिनिटं ‘आम्हाला विचारलं असतं तर’ यातच गेली. चिमीला वाटलं, तुम्हाला विचारून अजून कुणाचं भलं झालंय?

मग दंतवैद्य उठला. दिवसभर लोकांच्या दाढांत डोकावून त्याची नजर तयार झाली होती. त्याने पडद्यावर दादाच्या रेघांचं चित्र थांबवलं आणि शेजारी जुन्या अंकातलं एक पान लावलं.

“नीट बघा. अंकातल्या सगळ्या रेघा डावीकडे वरून निघून उजवीकडे खाली येतात. अशा रेघा डावरा माणूस ओढतो. टीव्हीवरचा माणूस उजव्या हाताने काढतोय आणि त्याच्या रेघा उलट्या पडतायत.”

देव तुझं भलं करो रे बाबा, चिमी मनात म्हणाली. आता पुढचं वाक्य बोल.

“फिल्म उलटी लावली असेल,” बाई म्हणाल्या.

“मग मागच्या घड्याळातले आकडे सुलटे कसे?” दंतवैद्य म्हणाला. “मंडळी, निष्कर्ष एकच निघतो. टीव्हीवर दाखवलेला माणूस तोतया आहे. खरे दादा अजून अज्ञातवासातच आहेत!”

खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. कान दाखवल्याचं दुःख विसरून अध्यक्ष उभे राहिले. चिमीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दार दाखवलं तर हे शहाणे भिंतीवर जाऊन आपटले! ती तरातरा पुढे गेली, फळ्यावरचं पेन डाव्या हातात घेतलं आणि काढायला लागली. कोटाची कॉलर, टोपीखालचा अंधार, मागे जिना. रेघा सरसर डावीकडून उजवीकडे उतरत गेल्या. फळ्यावर काजळ्या उभा होता.

“कळलं?” ती वळून म्हणाली. “टीव्हीवर होता तो माझाच भाऊ. पण शाईचं सगळं काम माझं आहे. पहिल्या अंकापासून. मीच काढते.”

अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. चिमीलाही क्षणभर गहिवरून आलं.

“ताई,” अध्यक्ष म्हणाले, “दादांनीच पाठवलंय ना तुम्हाला? काय माणूस आहे! प्रसिद्धी नको, पैसा नको, आता श्रेयसुद्धा बहिणीच्या पदरात टाकून मोकळा! आणि शिकवलंयही किती मन लावून. हुबेहूब!”

“आणि त्याही डावऱ्या आहेत, बघा,” दंतवैद्य म्हणाला. “म्हणजे घराण्यातच आहे. दादा डावरे असल्याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?”

“अहो, मी सांगतेय ना तुम्हाला! समोर काढून दाखवलं, ते दिसत नाही?”

“दिसतं हो, ताई. सगळं दिसतं,” बाई तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या. “भावासाठी बहीण काय काय करते.” तोवर अध्यक्षांनी डस्टर उचललं होतं. टीव्ही कंपनीला द्यायच्या निषेधपत्राचा मसुदा लिहायला त्यांना फळा हवा होता. दोन फटकाऱ्यांत काजळ्या गेला. चिमी जिना उतरताना रडली, आणि आपण या गाढवांपायी रडतोय याचा तिला आणखीनच संताप आला.

घरी दादा दारातच उभा होता. “काय म्हणाले?” त्याने विचारलं. तिने सगळं सांगितलं, फळा पुसला तेही सांगितलं. वाटलं, आता तरी याची मान खाली जाईल. दादा ऐकत राहिला, आणि बघता बघता त्याचा चेहरा खुलला.

“म्हणजे सुटलो की!” तो हसत म्हणाला. “टीव्हीवरचा तो मी नाहीच म्हटल्यावर आता मला कोण छळणार? झालं ते बरंच झालं, चिमे. बरं, नवीन अंकाची पानं मी तुझ्या टेबलावर ठेवलीत. पहिल्या पानावर जरा गच्च अंधार हवाय.”

चिमीने पर्स खाली ठेवली. फोन उचलून तिने अध्यक्षांचा नंबर लावला.

“मी ताई बोलतेय. हो, पोचले. अहो, दादाला तुमचं सगळं सांगितलं, त्याला फार वाईट वाटलं. तो म्हणाला, चाहत्यांच्या मनात शंका नको. येत्या रविवारी सगळ्या मंडळींनी घरी या. तुमच्यासमोर बसून काजळ्याचं अख्खं पान शाईने काढणार आहे. खरा कोण, तोतया कोण, तुमचं तुम्हीच ठरवा. आणि डॉक्टरांना भिंग आणायला सांगा.”

पलीकडून आनंदाचा चीत्कार खोलीभर ऐकू आला. तिने फोन ठेवला. दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“चिमे, काय केलंस हे? अगं, मी काय काढणार त्यांच्यापुढे?” तिचा हात धरून तो म्हणाला. “आत्ता फोन कर. मी नाव सांगतो तुझं, खरंच सांगतो.”

“त्यांनाच सांग, रविवारी,” चिमीने हात सोडवून घेतला. “मी बसणार आहे पुढच्या रांगेत.”